फराळाची ताटं बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

गच्चीवरची:
काल इथे 'भाजणी' यांनी लिहिलं की दिवाळीत शेजारीपाजारी फराळाची ताटं फिरवण्याचा रिवाज आता बंद करावा. सोसायटीने घरटी वर्गणी काढून एका संध्याकाळी केटरर बोलवावा, म्हणजे ओळखीही होतात आणि कुणाला त्रास नाही. तिथेच दोन ओळी लिहायला बसले होते, पण राहवेना म्हणून वेगळा धागा काढते.

केटररच्या जेवणात ओळखी होतात हे कुणी पाहिलंय? जो तो आपल्याच टोळक्यात ताटली धरून उभा. ताट घेऊन बेल वाजवली की मात्र दार उघडावंच लागतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांना कमी ऐकू येतं, हे मला चिवड्याचं ताट घेऊन त्यांच्या दाराशी ताटकळल्यावर कळलं. २०२०च्या टाळेबंदीत त्यांची औषधं ज्या दोन घरांनी आणून दिली, त्याच दोन घरांचं त्यांच्याकडे दिवाळीत ताट जात होतं. बाकीच्या मजल्याला ते एकटे राहतात याचा पत्ताही नव्हता.

आणि एकट्या दिवाळीचं काय घेऊन बसलात! भोंडल्याची खिरापत घ्या. डबा कानाशी हलवायचा, झाकणाला नाक लावायचं, मग 'गोड की तिखट' पासून सुरुवात. कुणाच्या घरची गूळपापडी खुसखुशीत आणि कुणाची दगड, हे आम्हा पोरींना तोंडपाठ होतं. हे वर्गणीत कसं बसवणार?

भाजणी:
माझं अर्धंच उचललंत. ताट तयार कोण करतं, हा माझा मुद्दा होता, तो सोयीस्करपणे गाळला.

चकलीसाठी तांदूळ, डाळी धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. गिरणीत उभं राहून 'गव्हावर दळू नका हो' म्हणून विनवायचं. मग उकड, मग सोऱ्या. सोऱ्या फिरवून मनगट कसं भरून येतं ते ज्यानं फिरवलाय त्यालाच माहीत. हिंजवडीहून रात्री आठला घरी पोचणाऱ्या बाईनं हे अकरा वाजता सुरू करायचं, आणि सकाळी ताट घेऊन दारोदार मिरवायला नवा झब्बा घालून नवरा तयार. 'वहिनींच्या हाताला चव आहे' एवढ्यावर तिची बोळवण.

वर तो नियम: वाटी रिकामी परत करायची नाही. म्हणजे एक ताट आलं की तुम्ही देणेकरी झालात. मजल्यावर जितकी घरं तितकी देणी. शेजारधर्म पाळायचाच असेल तर तो बायकांच्या मनगटावर पाळू नका.

जुना ठाणेकर:
मूळ मुद्दा चालू द्या, पण भांडी परत का येत नाहीत, यावर कुणीतरी बोला. आईच्या वेळी प्रत्येक ताटावर, वाटीवर नाव कोरलेलं असायचं. भांड्यांच्या दुकानात ते यंत्र घेऊन माणूस बसायचा आणि कर्रर्र आवाज करत नाव काढून द्यायचा. कुठलीही वाटी कुठल्याही घरात सापडली तरी आपोआप घरी यायची. आता नाव कोणी कोरत नाही. माझे झाकणाचे चांगले स्टीलचे डबे सोसायटीत कुठेतरी डाळतांदूळ सांभाळत बसलेत. मागायला गेलं की आपणच हलके ठरतो.

गच्चीवरची:
भाजणी, मनगटाचं खरं आहे, नाही म्हणत नाही. पण त्यावर उपाय ताट बंद करणं कसा? सोऱ्या नवऱ्याच्या हातात द्या. बायका एकत्र बसून करत तेव्हा त्या कामात जीव रमायचाही. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. एकमेकींच्या सोबतीने राहणाऱ्या बायकाच होत्या ना त्या?

भाजणी:
होत्या. आणि त्यांनी लाटण्याचे पैसे घेतले. तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे.

निळा कंदील:
सगळे जण एक गोष्ट धरून चाललेत: दिलेलं ताट खाल्लं जातं.

आम्ही सोसायटीत राहायला आलो तेव्हा मी नववीत होतो. दारावर आडनावाची पाटी होती. आईचे बेसनाचे लाडू म्हणजे मंद आचेवर तास-तास भाजलेलं बेसन, वर दुधाचा हबका, प्रत्येक लाडवावर एक बेदाणा. तिनं मजल्यावर सगळीकडे ताटं दिली. सगळ्यांनी हसून घेतली. समोरच्या घरातून ताट परत आलं ते रीतीप्रमाणे साखर घालून. दुसऱ्या दिवशी जिना झाडणाऱ्या मावशी आईला म्हणाल्या, 'ताई, लाडू फार छान झाले होते. समोरच्या बाईंनी सगळेच मला दिले.' आई काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीत तिचं पहिलं ताट मावशींना गेलं आणि समोर गेलंच नाही.

मला केटरर पटतो. त्याच्या पातेल्यावर आडनाव कोरलेलं नसतं.

पेठेतला:
झालं! फराळाच्या धाग्यातही जात आणलीत. घरात मधुमेह असेल म्हणून दिले असतील लाडू. आमच्याकडे आलेला निम्मा फराळ असाच वाटला जातो. हल्ली कोण बघतं आडनाव?

निळा कंदील:
त्याच मधुमेहाच्या घरात बाकीच्यांच्या करंज्या ठेवून घेतल्या होत्या, हेही मावशींनीच सांगितलं.

कोण बघतं, हे ज्याच्या पाटीकडे बघितलं जातं त्याला विचारा. १८९० साली तुमच्याच पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे आणि टिळक, एरवी एकमेकांचे विरोधक, दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपासाठी! तेव्हा पेपरात नावं छापायचे. आता हसून ताट घेतात आणि मागच्या दाराने बाहेर काढतात. मला तर छापलेलं परवडलं असतं, निदान कळलं असतं.

पेठेतला:
शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं उकरून मला ऐकवू नका. कोल्हापुरात शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले, तेही याच महाराष्ट्रात. ते का नाही लिहीत?

निळा कंदील:
लिहितो की. महाराजांना तो चहा वाड्यावर मागवून घेता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. भर रस्त्यात, चारचौघांदेखत प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. फुल्यांनी १८६८मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तोही सगळ्या पुण्याच्या डोळ्यांसमोर. उंबऱ्यावर ताट घेऊन दार लावणं यात कसं बसतं? दाराआड त्या लाडवाचं काय झालं, ते देणाऱ्याला कधी कळत नाही.

पेठेतला:
म्हणजे आता प्रत्येकानं दारात उभं राहून खाऊन दाखवायचं? ही काय परीक्षा आहे? मी चातुर्मासात कांदालसूण खात नाही, माझी बायको बाहेरचं काहीच खात नाही. आम्ही लगेच जातीयवादी?

निळा कंदील:
बाहेरचं काहीच, की काही ठरावीक घरांचंच नाही? उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या.

गच्चीवरची:
दोघेही जरा दमानं घ्या. पेठेतला, मधुमेहाची ढाल तुम्ही पुढे केलीत, ती टिकली नाही. आता पुरे.

मांडवीकाठ:
गोव्यातून लिहिते. आमच्या वाड्यावर चवथीला नेवऱ्या (तुमच्या करंज्या) शेजारच्या ख्रिस्ती घरी जातात आणि नाताळात त्यांच्याकडून दोदोल, बिबिंक, नेवऱ्या येतात. सुंदर चाल आहे, पण ती आपोआप आलेली नाही. माझ्या आजीनं त्यांच्या केकला कधी हात लावला नाही, अंडं असतं म्हणून. ती फक्त केळी ठेवून घ्यायची आणि त्या घरालाही ते ठाऊक होतं. आईनं आजीदेखत केक खाल्ला, त्यावरून घरात मोठं भांडण झालं. त्यानंतरच खरी देवाणघेवाण सुरू झाली. कंदील म्हणतात ते मला पटतं, पण म्हणून केटरर नको. केटरर आला असता तर ते भांडणही झालं नसतं आणि आजीचंच चालू राहिलं असतं.

जुना ठाणेकर:
हे पटलं. डब्यांचं मात्र कुणी मनावर घेतलेलं नाही.

भाजणी:
माझ्या धाग्यावर मला कुणी जात सांगितली नव्हती, ती बाजू माझ्या डोक्यात नव्हती. तरी माझा प्रश्न आहे तिथेच आहे. मी या वर्षी चकल्या करणार नाही. विकतच्या आणून ताटात मांडल्या तर शेजारधर्म बाटतो का, हे गच्चीवरचीनं सरळ सांगावं.

गच्चीवरची:
नाही बाटत. एक पोह्यांचा चिवडा परता, बाकी विकत आणा, नाहीतर नुसतीच केळी घेऊन या. पण बेल वाजवा.

भाजणी:
चिवडा नवरा परतेल. त्याला सांगून ठेवते.

निळा कंदील:
मग माझंही एक. मी ताट घेऊन आलो तर ते दारात घेऊ नका. आत बसवा, माझ्यासमोर एक लाडू फोडा आणि तुमच्या घरचं जे असेल ते मला द्या. एवढं ज्याला जमत नसेल त्यानं बेल वाजली तरी दार उघडू नये.

पेठेतला:
कोथरूडच्या बाजूला आलात तर या. बेसनाचे लाडू मला चालतात. बाकी मी लिहिलंय त्यावर ठाम आहे.