मदत हवी आहे: कोषातून फुलपाखरू निघतानाचा फोटो
नमस्कार मंडळी, नागपुरात गॅलरीतल्या गोडलिंबाच्या कुंडीत कॉमन मॉर्मन या फुलपाखराची अळी होती. आधी अगदी पाखराच्या विष्ठेसारखी, मग हिरवीगार. ८ दिवसांपूर्वी तिने कोष केला. फुलपाखरू निघतानाचे फोटो काढायची फार इच्छा आहे. मोबाइलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) लावतो, कॅमेरा नाही. वाऱ्याने फांदी हलते, फोकस सुटतो. पुठ्ठ्याचा आडोसा, टायमर, बर्स्ट (सलग भराभर फोटो), सगळं करून पाहिलं. फ्लॅशने कोष चकाकतो. फांदी तोडून घरात आणायची नाही. पंख वाळताना त्याला धक्का नको.

कोषातून पंखांचे रंग दिसू लागले की वेळ जवळ आली, हे माहीत आहे. पण रंग दिसल्यावर साधारण किती तासांनी ते निघतं? आणि कुंडीतली फांदी न दुखावता स्थिर कशी करता?