मदत हवी आहे: टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओ ते एल पासो, एका दिवसात, यूएस ९० महामार्गाने

मंडळी, डिसेंबरमधल्या एका रविवारी पहाटे ५ ला निघायचं आहे. आय-१० हा महामार्ग सोपा आहे, पण पेकोस नदीवरचा उंच पूल उजेडात पाहायचाच, म्हणून डेल रिओ, सँडरसन, मॅरेथॉन, अल्पाइन, मार्फा, व्हॅन हॉर्न असा बेत. अंदाजे ५७५ मैल. नुसतं ड्रायव्हिंग ९ तासांच्या वर. एल पासो माउंटन टाइममध्ये, त्यामुळे घड्याळात एक तास मिळतो, पण अंधार काही थांबत नाही.

खरी काळजी डेल रिओ ते सँडरसन या साधारण १२० मैलांची. डेल रिओला टाकी फुल करणारच. पुढे सँडरसनला रविवारी सकाळी पंप नक्की चालू असतो का? टायर फुटला तर तिथे फोनला रेंज नसते, म्हणून पूर्ण आकाराची स्टेपनी, हवेचा पंप, माणशी ४ लिटर पाणी आणि ऑफलाइन नकाशे घेतोय. अजून काय?

वाटेतल्या सेमिनोल कॅन्यन उद्यानात फेट बेल या खडकाच्या कपारीतली प्राचीन भित्तिचित्रं गाईडबरोबरच पाहता येतात. तो थांबा घेतला तर व्हॅन हॉर्नच्या आधीच अंधार पडेल आणि संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. घ्यावा की सोडावा?

परतताना आय-१० वर सिएरा ब्लांकाची बॉर्डर पेट्रोल चौकी लागते. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांनी पासपोर्ट, आय-९४ (प्रवेशाची नोंद) सोबत आय-७९७ (मंजुरीची नोटीस) ची मूळ प्रतही ठेवावी का?