नायट्रेट-फॉस्फेट शून्य ठेवा, हा सल्ला देणं थांबवा

मीठपाणी:
परवा इथे, आपल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाक्यांच्या ग्रुपवर, 'स्वच्छ रीफचे नियम' आले. पहिलाच नियम: नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य, पाणी तपासायच्या किटमध्ये जरा रंग दिसला की जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) बदला. खाली नव्या मंडळींचे धन्यवाद. राहवलं नाही. प्रवाळाच्या पेशींतली झूझँथेली म्हणजे शैवालच, तिला नत्र-स्फुरद लागणारच. साउदॅम्प्टनच्या वीडेनमान यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा उपास असेल, तर प्रवाळ उष्णतेने आणि प्रकाशाने लवकर पांढरं पडतं. जीएफओ नेमका फॉस्फेटच ओढतो, नायट्रेट जागच्या जागी. ठाण्यातल्या मित्राच्या टाकीत दोन्ही शून्यावर गेले आणि डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशी सूक्ष्मजीव) आले: वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे. दुपारी लाइट चढला की वाढायचे, रात्री ओसरायचे. गोगलगायी उलट्या पडून मेल्या. नायट्रेट 5 ते 10, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम (दहा लाखात इतके भाग) ठेवा आणि रोज आकडा हलवू नका.

निळंपाणी:
नियम माझेच. समुद्रात फॉस्फेट 0.03 च्याही खाली असतं, मग टाकीत 0.1 कशाला? जास्त फॉस्फेटने सांगाडा नीट बसत नाही, हे जुने लोक उगाच सांगत नाहीत. 'थोडं चालतं' म्हणत म्हणत माझ्या ओळखीच्या एकाने 0.4 पर्यंत नेलं, आता दगडांवर केसाळ शेवाळाचं जंगल आहे.

मीठपाणी:
समुद्राचा आकडा घेतलात, समुद्राचं जेवण विसरलात. तिथे प्लवक आणि माशांची घाण चोवीस तास वाहत येते. आपण दिवसातून एकदा चिमूटभर खाणं टाकतो आणि उरलेलं स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) काढून घेतो.

रविवारची टाकी:
माझं हॅमर प्रवाळ शून्य फॉस्फेटवर छान फुललेलं आहे. दुकानदाराने सांगितलं तसंच ठेवतो.

कांदळवन:
हॅमर? ते कठीण प्रवाळ आहे. 2001 पासून सगळी स्क्लेरॅक्टिनिया, म्हणजे कठीण प्रवाळं, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. कुठून आणलंत?

रविवारची टाकी:
इंडोनेशियाचं आहे, इथलं नाही.

कांदळवन:
कागद आहे? साइटिसचा, म्हणजे वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना? बिलावर काय लिहिलंय?

रविवारची टाकी:
विषय फॉस्फेटचा आहे. तुम्ही वनखात्याचे आहात का?

कांदळवन:
नाही, मालवणचा आहे. पाण्यात उतरून तिथली प्रवाळं पाहिली आहेत, म्हणून बोलतो. कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं हलवायची होती, तर सरकारी कामालाही परवानगी घ्यावी लागली. आणि इथे पिशवीत बांधून घरी! दगडासकट छिन्नीने काढलेला तुकडा किती वर्षांचा असतो, कधी विचारलंत?

एडिसनकर:
न्यू जर्सीत आमच्या क्लबात कठीण प्रवाळ अ‍ॅक्रोपोराचे तुकडे एकमेकांना देतात, सगळे टाकीत वाढवलेले. भारतात असं काही सुरू होईल का?

कांदळवन:
व्हायला हवं, पण आधी मागणी थांबवा. झोआ, मश्रूम, लेदर अशी सांगाडा नसलेली मऊ प्रवाळं ठेवा.

निळंपाणी:
एडिसनकर, तुमच्या अ‍ॅक्रोला शून्यच लागतं ना? सांगा यांना.

एडिसनकर:
नाही. शून्याच्या आसपास असताना अल्कलिनिटी (पाण्याची क्षारता) 11 dKH ठेवली तर टोकं जळतात. मी 8 ठेवतो, नायट्रेट 5. रंग त्यातच आले.

मीठपाणी:
आणि इथे बहुतेकांकडे झोआ-लेदरच आहेत. त्यांना तर थोडं घाण पाणीच आवडतं. अ‍ॅक्रोवाल्यांचा नियम त्यांना का लावायचा?

निळंपाणी:
ठीक आहे, 'शून्य' शब्द काढतो. 0.03 लिहितो. 0.1 मात्र लिहिणार नाही, आणि नायट्रेट 10 च्या वर गेलं तर पाणी बदलाच, यावर मी ठाम आहे.

मीठपाणी:
चालेल. जीएफओ एकदम पूर्ण मापाने टाकू नका, हेही लिहा. दगडात मुरलेलं फॉस्फेट आठवडे बाहेर येत राहतं, म्हणून आकडा परत चढतो आणि लोक घाबरून आणखी टाकतात.

रविवारची टाकी:
माझ्या हॅना चेकरवर (फॉस्फेट मोजायचं छोटं यंत्र) 12 येतं. म्हणजे जास्त झालं का?

एडिसनकर:
पीपीबीतला (अब्जात भाग) फॉस्फरस असेल तर 3.066 ने गुणून 1000 ने भागा, म्हणजे फॉस्फेट पीपीएममध्ये मिळेल. 0.037. बरोबर आहे.

कांदळवन:
पाणी बरोबर आहे. कागदाचं उत्तर अजून आलं नाही.