√८४ × √१२६ : आधी गुणायचं की आधी फोडायचं?

जुनी_वही
पंधरा वर्षांनी बीजगणित पुन्हा हातात घेतलंय, नुसतं समजून घ्यायचं म्हणून. √अ × √ब = √(अ × ब) हे पाठ आहे, त्यामुळे करणींचा (√२, √५ सारख्या, पूर्ण न सुटणाऱ्या मुळांचा) गुणाकार जमेल असं वाटलं होतं. काल √८४ × √१२६ सोडवायला घेतलं. सरळ गुणून √१०५८४ आलं. मग २ ने भाग, परत २ ने भाग, असं करत पाऊण पान भरलं आणि ६√२९४ वर येऊन थांबले. पुस्तकात उत्तर ४२√६. माझं चुकलं कुठे?

दुसरं असं, की (३√२ + √५)(√२ − २√५) चं उत्तर पुस्तकात −४ − ५√१० असं आहे. मी पुढे जाऊन −९√१० लिहिलं होतं. दोन पदं असताना तिथेच का थांबायचं?

फळ्यापाशी
ताई, ६√२९४ चूक नाही, अपुरं आहे. २९४ = ४९ × ६, तो ४९ आत राहून गेला. ७ बाहेर काढा, ६ × ७ = ४२.

पण मुळात १०५८४ पर्यंत जायचंच कशाला? जी संख्या नंतर फोडायची आहे ती आधी जोडू नये. अवयव पाडून तसेच शेजारी ठेवा:
८४ = २ × २ × ३ × ७
१२६ = २ × ३ × ३ × ७
आता दोन्ही ओळी मिळून जोड्या लावा. २ ची एक, ३ ची एक, ७ ची एक. प्रत्येक जोडीतून एकच बाहेर येतो, म्हणून बाहेर २ × ३ × ७ = ४२. बिनजोडीचे उरले एक २ आणि एक ३, ते आत: √६. मी वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवत आलोय. मोठ्या गुणाकारात होणाऱ्या निम्म्या चुका इथेच टळतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर किंमत काढून बघा. √१० म्हणजे साधारण ३.१६२. −४ − ५√१० येतं −१९.८१ च्या आसपास, −९√१० येतं −२८.४६. दोन्ही एक कशी असतील? ४ परिमेय (पूर्णांक किंवा अपूर्णांकात मांडता येणारी संख्या), ५√१० करणी. बेरीज फक्त सजातीय, म्हणजे मुळाखाली तीच संख्या असलेल्या, करणींची होते. विस्तारात −६√१० आणि +√१० एकत्र आले ते त्यामुळेच.

वर्गमूळ_२
छोट्या संख्या असतील तर सरळ गुणलेलं बरं. √२ × √१८ = √३६ = ६, अवयव कशाला पाडायचे? आणि तो पाठ केलेला नियम अ, ब ऋण नसतानाच वापरायचा. √(−४) × √(−९) ला लावलात तर ६ येईल, खरं उत्तर −६ (२i × ३i, जिथे i² = −१).

जुनी_वही
सर, √४५ × √६० जोड्या लावून केलं. ३, २ आणि ५ बाहेर, आत एकटा ३ : ३०√३. चार ओळींत झालं!

मग जुनी उत्तरं किंमत काढून तपासायला बसले. (√३ + √५)² = ८ असं लिहून ठेवलं होतं. कंसातली बेरीजच ३.९६८, तिचा वर्ग १५.७५ च्या जवळपास. मधलं २√१५ मी गाळलं होतं. आता तिथे ८ + २√१५ लिहिलंय.