आई ६३ वर्षांची आहे, लिहायला-वाचायला शिकायचंय म्हणते. सुरुवात कुठून करू?

बंदरावरचा:
नमस्कार मंडळी, आम्ही हर्णैचे. आईने आयुष्यभर बंदरावर लिलावात मासळी घेतली आणि दापोलीच्या बाजारात नेऊन विकली. शाळेत कधी गेलीच नाही, पण हिशोबात तिला कोण फसवू शकत नाही, मासळी, बर्फ, टेम्पोवाला सगळ्यांचे पैसे तोंडपाठ. गेल्या महिन्यात बँकेत गेली होती तर काउंटरवरचा माणूस सगळ्यांसमोर "अंगठेवाले बाजूला थांबा" असं मोठ्याने बोलला. घरी येऊन काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी रात्री जेवणं झाल्यावर नातीची वही घेऊन माझ्यासमोर बसली, म्हणाली माझं नाव लिहून दे, मी गिरवते. तासभर गिरवत होती, पेन इतकं घट्ट धरलेलं की बोटं पांढरी पडली होती.
मागे एकदा गावातल्या एका वर्गाला दोन दिवस गेली होती, तिकडे पहिलीचं पुस्तक हातात दिलं, वर्ग संध्याकाळी पाचला म्हणजे ऐन लिलावाच्या टायमाला, आणि पोरं खिडकीतून बघून हसायची. सोडून दिलं मग. आता परत स्वतःहून म्हणतेय तर मला ते वाया जाऊ द्यायचं नाहीये. घरी शिकवू की वर्गात घालू? या वयात येतं का खरंच?

राजापूरच्या बाई:
येतं. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत होते आणि रिटायर झाल्यावर आमच्या वाडीतल्या सात बायकांना शिकवलं, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या.
पहिलं काम म्हणजे डोळे तपासून घ्या. आमच्यातल्या एक आजी दोन महिने अडकल्या होत्या, अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणायच्या, आम्हाला वाटलं लक्ष नाही. तपासलं तर मोतीबिंदू. ऑपरेशन झाल्यावर त्याच आजी सगळ्यांच्या पुढे गेल्या. तुमच्या आईला जवळचा चष्मा लागत असणारच, तो नसेल तर माणूस स्वतःलाच मठ्ठ समजायला लागतो, फार वाईट वाटतं ते बघून.
दुसरं, अ अननसाचा नको. मोठ्या माणसाला त्याचा रोजचा शब्द द्यायचा. तुमच्या आईच्याच धंद्यातले बघा: दर, नग, वजन. एकालाही काना-मात्रा नाही! हे तीन आले की सहा अक्षरं आली, त्यातून जन, नजर, गजर असे कितीतरी शब्द तिचे तिलाच सापडतील. मग काना घ्या: मासा, हलवा. मग वेलांटी, मासळी. त्यानंतर एसटीच्या पाटीवरचं दापोली. हर्णै मात्र शेवटी ठेवा, त्यात रफार पण आहे आणि दोन मात्रा पण. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेअरी नावाच्या शिक्षकाने १९६३ साली ऊसमजुरांना असंच शिकवलं होतं, त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन, वीट वगैरे.
वळण शिकवताना ग म भ न एकत्र घ्या, मग र स ख. आणि पेन नको, जाड पेन्सिल द्या, दाब कमी लागतो, बोटं दुखत नाहीत. रोज वीस मिनिटं पुरे.
आकड्यांना तर वेळच लागणार नाही, बेरीज-वजाबाकी डोक्यात आहेच, फक्त खुणा ओळखायच्यात. पाचशेची नोट समोर ठेवा, तिच्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे असतात.

गुहागरी:
मी उल्लास कार्यक्रमात स्वयंसेवक आहे (सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७). पंधरा वर्षांच्या पुढचा कोणीही चालतो, वरची मर्यादा नाही, पैसे लागत नाहीत. जवळच्या जि. प. शाळेत नाव नोंदवा आणि घरातलाच कोणी स्वयंसेवक म्हणून शिकवू शकतो, तुमची मुलगी पण चालेल ती आठवीच्या पुढे असेल तर, शाळेत विचारून घ्या. म्हणजे वर्ग की घर हा प्रश्नच नाही. शेवटी चाचणी असते, १५० मार्कांची, वाचन लेखन संख्याज्ञान प्रत्येकी ५०. आपल्याकडे १७ मार्च २०२४ ला झाली तेव्हा आमच्या केंद्रावर सासू-सून एका बाकावर होत्या. पास झाल्यावर सर्टिफिकेट मिळतं.
वेळेचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जोर लावा. आम्ही आंबा-काजूवाल्या बायकांना मे महिन्यात बोलवतच नाही, येणारच नाहीत त्या, आणि त्यांची चूक नाही त्यात.

मालवणी मेवा:
माझी मावशी पण आधी "माका आता ह्या वयात काय येतला" म्हणायची. आता एसटीची पाटी स्वतः वाचते, कोणाला विचारत नाही. तुमच्या आईंना मुरबाडजवळच्या फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेचे व्हिडिओ दाखवा, ८ मार्च २०१६ ला सुरू झाली ती, सगळ्या आज्या गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसतात. पोरं हसतात त्याचं मनातलं जातं ते बघून.

देवगडचो:
इथेच विचारतो, माझे वडील आठवी सोडलेले, ५८ वय, दहावी करायची म्हणतात. होईल का?

गुहागरी:
हो की. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बोर्डाची परीक्षा देता येते, नाहीतर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, त्यात मराठी माध्यम आहे आणि विषय थोडे थोडे करून पाच वर्षांत सोडवता येतात. कामधंदा असलेल्याला दुसरं बरं पडतं. शाळा सोडल्याचा दाखला आधी शोधून ठेवा.

बंदरावरचा:
बाई, तुमचे फार आभार, आणि गुहागरी दादा तुमचे पण. डोळे तपासले, जवळचा नंबर निघाला अडीच, एवढी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही, मला फार लागलं ते. शाळेत नाव घातलं. मुलगी नववीत आहे, तीच शिकवते रात्री, दुरेघी वही आणलीय. आजीचा हात धरत नाही, नुसती बाजूला बसते.
आज सकाळी आईने थर्माकोलच्या पेटीच्या झाकणावर मार्करने "दर" लिहिलं. र थोडा वाकडा झालाय. पुसू नको म्हणून सगळ्यांना बजावून बंदरावर गेली.