जुन्या अल्टोला १२ ऐवजी १३ इंची चाकं: सल्ला हवा (इंदूर)

रामबागी
मंडळी, गाडी अल्टो एलएक्स, २००९ ची, पॉवर स्टिअरिंग नाही. बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली आहे, त्यामुळे एवढ्यात विकायची नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

टायर पार गुळगुळीत झालेत. मूळ साइज १४५/८० आर१२. आता बदलायचेच आहेत तर १३ इंची चाकंच घालावीत असं मनात आहे. चार माणसं बसली की आमच्या भागातला एकेक ब्रेकर खालून खरवडून जातो. ओंकारेश्वरला निघालो की मागे आई आणि काकू, डिक्कीत सामान, मग तर विचारूच नका. बजेट सगळं धरून १५ हजार. अलॉय की लोखंडी, कुठला साइज, कुठे घ्यावं, जाणकारांनी सांगावं. नवी गाडी घे असं कृपया कोणी सांगू नये.

पलासियाकर
नवी गाडी घे.
गंमत नाही करत. एवढ्या जुन्या गाडीत पंधरा हजार घालायचे म्हणजे पाण्यात. तेच डाउनपेमेंटला टाक. आम्ही बलेनो घेतली, १६ इंची अलॉय कंपनीकडूनच आले, डोक्याला ताप नाही.

टर्बो_भिया
काका लोकांचं ऐकू नकोस. माझ्या जुन्या वॅगन आरला १४ इंची अलॉय टाकलेत, १६५/६० चे टायर. छप्पन दुकानसमोर उभी केली की लोक वळून बघतात. विजय नगरच्या वळणांवर गाडी रस्त्याला चिकटून जाते. खर्च ३२ हजार, पण एकदाच करायचा ना भिया! १५ हजारात नुसती हवा भरून मिळेल.

रामबागी
बजेट १५ आहे हो, आणि वळून बघायला कोणी नकोय. ब्रेकर घासायचा थांबला पाहिजे.

८००_वाला
हे सगळं करून बसलोय म्हणून लिहितो. माझ्या मारुती ८०० ला एका दुकानदाराने १३ इंची अलॉय गळ्यात मारले. नाव घेत नाही, शहर लहान आहे. बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं, एवढंच त्याचं ज्ञान. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं, नावाची गोष्ट असते हे त्याच्या गावी नाही. घरी आलो, फाटकातून आत घ्यायला स्टिअरिंग पूर्ण कापलं तर खर्रर्र. खाली वाकून पाहिलं तर टायरच्या आतल्या खांद्यावर बोटभर रुंद चकचकीत पट्टा पडलेला आणि मडफ्लॅपच्या कडेला काळा भुसा, खोडरबरचा पडतो तसा. परत गेलो तर म्हणतो, साहेब, थोडं चालवा, आपोआप जागा करून घेईल. जागा म्हणजे माझा टायर झिजून! पैसे परत नाहीत ते नाहीतच. बारा इंचच ठेव.

मापारी_निवृत्त
इथे सगळे रिमच्या इंचांवर भांडताहेत. जमिनीपासूनची उंची ठरते ती टायरच्या बाहेरच्या व्यासावरून, रिमवरून नव्हे. हिशोब सोपा आहे. १४५ मिमी रुंदी, तिच्या ८० टक्के म्हणजे ११६ मिमी टायरची भिंत, ती वर आणि खाली अशी दोनदा, अधिक रिम १२ गुणिले २५.४. तुमचं आत्ताचं चाक झालं साधारण ५३७ मिमी.

आता १३ चे पर्याय बघा.
१५५/६५ आर१३ (अल्टो के-टेनला कंपनीतून हाच येत असे): ५३२ मिमी. म्हणजे रिम मोठी, पण चाक उलट पाच मिमी लहान!
१५५/७० आर१३ (सँट्रोचा): ५४७ मिमी.
१४५/८० आर१३ (जुन्या वॅगन आरचा): ५६२ मिमी.

व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच गाडी उचलली जाते, कारण उरलेला निम्मा आसाच्या वर जातो. थोडक्यात, सगळ्यात मोठा घातलात तरी पदरात पडणार १२.७ मिमी, अर्धा इंच. आणि तो मडगार्डात घासतो का ते वेगळं बघावं लागेल. एवढ्यासाठी १५ हजार घालायचे का, ते तुम्ही ठरवा.

टर्बो_भिया
लुक पण असतो काका काही.

मापारी_निवृत्त
असतो. पण धाग्यात तो विचारलेला नाही.

नर्मदेकाठचा
+१, तेरा घाला, चौदा नको. माझ्या अल्टोला १४५/८० आर१३ आहेत, लोखंडी रिम, छोटी ग्वालटोलीतून जुन्या घेतल्या. घासत वगैरे नाही, फक्त आत पूर्ण कापलं आणि खड्डा आला तर किंचित. एकच तक्रार आहे, अ‍ॅव्हरेज पडलं. आधी १८ देत होती, आता १७. शिवाय भेरू घाटात तिसऱ्यात चढायची तिथे दुसरा टाकावा लागतो.

मापारी_निवृत्त
अ‍ॅव्हरेज पडलेलं नाही, तुमचं मीटर कमी मोजतंय. चाक ४.७ टक्के मोठं झालं, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते आणि मीटरला ते कळत नाही. १७ गुणिले १.०४७ करा, १७.८ येतात. वेगाचंही तेच. काटा ६० वर असतो तेव्हा तुम्ही खरे जवळजवळ ६३ ने जात असता, कॅमेऱ्यासमोर लक्षात ठेवा. घाटाची तक्रार मात्र खरी आहे. चाक मोठं की गिअर लांबतो, आणि ७९६ सीसीच्या इंजिनात उधळायला ताकद नाही.

नर्मदेकाठचा
म्हणजे मी उगाच दोनदा प्लग बदलून घेतले?

कायदेपंडित
कोणी कायद्याचं बोलतच नाहीये. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमावर कडक निकाल दिला आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवलं तर काय कराल?

टर्बो_भिया
अख्ख्या इंदुरात अलॉय घालून लोक फिरतात, कोणाला धरलं आजवर? मी नायता मुंडल्याला आरटीओत गाडी नेली होती, साहेबांनी टायरकडे पाहिलंसुद्धा नाही.

कायदेपंडित
धरलं नाही म्हणजे चालतं असं होत नाही. हेल्मेटबद्दलही तुम्ही असंच म्हणत असाल.

पलासियाकर
हेल्मेटचा विषय काढू नका, धागा दोनशेवर जाईल.

झेनवाल्या_काकू
इतक्या वेळात एकानेही विचारलं नाही की गाडी रिकामी असताना घासते का. रामबागी, तुम्हीच लिहिलंत की चार माणसं बसली की घासते. मग हे दुखणं चाकाचं नाही, मागच्या स्प्रिंगांचं आणि शॉकअपचं आहे. इतक्या वर्षांत त्या बसणारच.

घरी करून बघा. सपाट जागेवर गाडी उभी करा. चाकाच्या मधोमध टोपी असते तिथून वर मडगार्डाच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा, चारही चाकांना. मग मागे माणसं आणि डिक्कीत सामान ठेवून पुन्हा मोजा. मागचा भाग भसकन बसत असेल किंवा डावी-उजवीत फरक असेल तर उत्तर मिळालं. मागचा कोपरा जोराने दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, झुलत राहिली तर गेला. आमच्या झेनला मागच्या दोन्ही स्प्रिंगा आणि शॉकअप बदलले, टायर मूळ साइजचेच घातले. सगळं तुमच्या बजेटात झालं, शिवाय आमचे हे मागे बसून कुरकुर करायचे थांबले.

मापारी_निवृत्त
काकूंचं बरोबर. हे मी आधी लिहायला हवं होतं.

८००_वाला
मीपण तेच म्हणत होतो, बारा इंचच ठेवा.

मालवामिल_मोटर्स
स्वतः गॅरेजात असतो म्हणून दोन शब्द. दुसऱ्या गाडीच्या रिम घेणार असाल तर आधी बोल्टच्या भोकांचं माप जुळवा. चार बोल्टच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरायची. लहान गाड्यांत बहुतेक १०० किंवा ११४.३ मिमी निघतं, आणि १०० च्या जागी ११४ ची ठोकून बसत नाही. नंतर मधलं भोक हबवर नीट बसतं का बघा. अलॉय असतील तर त्यांचे नट वेगळे, लोखंडी रिमचे वापरू नका. चाक लावून दोन्ही बाजूंना पूर्ण कापून बघा, मागे चार पोरं बसवून बघा, मग पैसे द्या.

दुसरं म्हणजे पॉवर स्टिअरिंग नाही. टायर रुंद केला की पार्किंगमध्ये दंड भरून येतील. आणि भिंत लहान झाली की खड्डा थेट रिमला बसतो. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉयला चीर गेली तर फेकायची.

पलासियाकर
नायट्रोजन भरला तर गाडी वर उचलली जाते का?

मालवामिल_मोटर्स
नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा प्रेशर तपासलं तरी पुष्कळ.

टर्बो_भिया
नायट्रोजनने टायर थंड राहतो, फरक जाणवतो. मी तर तोच भरतो.

मालवामिल_मोटर्स
भरा भिया, आमचीही दुकानं चालली पाहिजेत.

नर्मदेकाठचा
टायर घेताना तारीख बघा बरं का. बाजूच्या भिंतीवर डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मला एकाने असाच जुना माल नवा म्हणून दिला होता. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुन्या भावाची पाटी दाखवली तर भांडा.

रामबागी
सर्वांचे मनापासून आभार, विशेषतः काकू आणि मापारी काका. काकूंनी सांगितलं तसं मोजलं. मागचा भाग माणसं बसली की खरंच खूप बसतो, उजवी बाजू जास्त. म्हणजे स्प्रिंगाच.

तर निर्णय झाला आहे. माझा भाचा त्याच्या के-टेनला अलॉय घालतोय, त्याच्या चार लोखंडी रिम टायरसकट मला देतोय, १५५/६५ आर१३. टायरवर १४२३ आहे, नक्षी भरपूर शिल्लक. माप जुळलं, लावून बघितलं, पूर्ण कापूनही घासत नाही. घरातलं घरात, निम्म्याहून कमी पैशांत. काल बसवलेसुद्धा.

मापारी_निवृत्त
अहो, पण तोच साइज तर पाच मिमी लहान आहे! गाडी अडीच मिमी खाली गेली. धागा तुम्ही गाडी वर उचलायला काढला होता ना?

झेनवाल्या_काकू
आणि स्प्रिंगा?

रामबागी
स्प्रिंगा दिवाळीनंतर बघू. तोवर मोठा ब्रेकर आला की आई आणि काकू उतरतात, चार पावलं चालतात, पलीकडे पुन्हा बसतात. त्यांची तक्रार नाही. आणि खरं सांगू का, गाडी दिसतेय मात्र झकास.

टर्बो_भिया
मी म्हणालो होतो! लुक!!

मालवामिल_मोटर्स
स्टेपनीचं काय? ती अजून १२ चीच ना? रिमची उंची वेगळी असली तरी व्यास पाच मिमीनेच वेगळा आहे, म्हणून घरी पोचण्यापुरती चालेल. पण ती पुढच्या चाकाला लावू नका. पुढे पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतलंत का? प्रेशरही आता नव्या टायरच्या हिशोबाने ठेवा.

रामबागी
अलाइनमेंट उद्या. स्टेपनीसाठी भाच्याकडे पाचवी मागतो, तो म्हणतोय त्याचे वेगळे पैसे.

कायदेपंडित
विमा कंपनीला कळवा, लेखी.

८००_वाला
रामबागी, तुमच्या उरलेल्या चार बाराच्या रिम काय भावाने देणार? गंज नसेल तर मी रविवारी येतो. टायर नकोत, नुसत्या रिम.