राखीव मतदारसंघ २०३० नंतरही हवेत का?

महालकर:
संविधानात लोकसभा-विधानसभेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत १० वर्षं होती. ती वाढत वाढत १०४व्या घटनादुरुस्तीने २५ जानेवारी २०३० पर्यंत आली. रामटेक लोकसभेतून एकेकाळी नरसिंह राव निवडून गेले. २००९च्या निवडणुकीपासून तिथे खुल्या गटातल्या माणसाला उभंच राहता येत नाही. नोकरीतलं आरक्षण मान्य, पण एकाच मतदारसंघाला किती वर्षं बांधून ठेवायचं? निदान महापालिकेच्या प्रभागांसारखी सोडत काढा.

इंदोऱ्याची पोरगी:
मत तर देता येतं ना? नागपूर जिल्ह्यात विधानसभेच्या १२ जागा, त्यात राखीव दोनच, उत्तर नागपूर आणि उमरेड. उरलेल्या १० ठिकाणी मोठ्या पक्षांनी आमच्यातल्या किती जणांना तिकीट दिलं, आठवून ठेवा. मी चहा पिऊन येते.

आणि किती वर्षं म्हणता, ती कोणाची मोजता? १९५६ला दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म घेतला, त्यांना बौद्ध म्हणून अनुसूचित जातीत धरलं १९९०ला. तोवर बौद्ध लिहिलं की राखीव जागाही गेली.

महालकर:
१९९०चं लक्षात नव्हतं. पण कर्तबगार माणसाला पक्ष तिकीट देतोच.

इंदोऱ्याची पोरगी:
बाबासाहेबांपेक्षा कर्तबगार कोण? १९५४ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवरसुद्धा पडले ते.

जुना कार्यकर्ता:
बेटा, हे उदाहरण तुझ्यावरच उलटतं. जागा राखीव होती, तरी पडले, कारण मतदार सगळेच. १९३२च्या पुणे करारात प्रांतिक कायदेमंडळातल्या जागा ७१च्या १४८ झाल्या, फक्त आपल्याच लोकांनी मत द्यायचे स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले. उमेदवार आपला, निवड दुसऱ्याची. १९५५ला बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षानेच राखीव जागा बंद करा असा ठराव केला होता. मीही बंद कराच म्हणतो, महालकरांच्या कारणाने नाही. आमच्या वस्तीतल्या नाल्याचा विषय काढला की राखीव जागेवरचा आमदार आधी पक्षाच्या तोंडाकडे पाहतो.

इंदोऱ्याची पोरगी:
काका, दुखणं बरोबर सांगितलं, औषध नाही पटत. जागाच गेली तर तोंडाकडे पाहायलाही कोणी उरणार नाही. त्याच करारात आधी चार उमेदवारांचं पॅनल आपल्याच मतदारांनी निवडायचं होतं. ते परत मागा ना!

महालकर:
म्हणजे पुन्हा जातीजातीत वेगळं मतदान. हे तर आणखीच वाईट.

रामटेकचा गडी:
मी ओबीसी. सोडतीचं तेवढं सोडा भाऊ. आमच्या गावात पाहिलं, पुढच्या खेपेला आपली जागा राहणार नाही म्हटल्यावर शेवटच्या वर्षी सदस्य फिरकला नाही. खासदाराचंही तेच कराल काय?

महालकर:
बरं, सोडत मागे घेतो. २०३०ला हे संपावं, ते मात्र मागे घेत नाही.